पायांची अदलाबदल

मोटारसायकलीच्या मागल्या आसनावर एका अंगाने बसणाऱ्या स्त्रीला पुढचा रस्ता फारसा दिसत नाही. समोर चालविणाऱ्याची पाठ असते. मान वळविली तर शेते, विजेचे खांब आणि बांधावरच्या बाभळी मागे पळताना दिसतात. परंतु एक वस्तू तिला अगदी स्पष्ट दिसते, आणि ती म्हणजे चालविणाऱ्याचा डावा पाय. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात, म्हणून रहदारीकडे पाठ करून बायका डावीकडे पाय सोडून बसतात. साडीचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळीही त्याच बाजूस असते. ही जाळी म्हणजे कोणा दुकानदाराची हौस आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याच्या वस्त्रांचे चाकापासून रक्षण करणारे साधन, धरावयास मूठ आणि पाय ठेवावयास पायठाण ही तिन्ही सांगितलेली आहेत. कायदा करणाऱ्यांना साडीची आठवण राहिली, ही गोष्ट मला मोठी सुखाची वाटते.

आमच्या यजमानांचा डावा पाय मी अशा रीतीने सुमारे चाळीस वर्षे पाहत आले आहे. १९८५ साली त्यांनी बुलेट घेतली, तेव्हा आमच्या भिवापुरात मोटारसायकली बोटांवर मोजण्यासारख्या होत्या. नागपूर-नागभीड ही छोट्या रुळांची आगगाडी गावातून जात असे. तिचे वेळापत्रक तिच्या स्वतःच्या मर्जीवर असे, पण ती स्वस्त होती आणि सर्वांना पुरत असे; रुळांच्या रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद होईपर्यंत घरातील बाकीची मंडळी तिनेच उमरेडला किंवा नागपूरला जात. आम्ही दोघे मात्र बुलेटवर. शाळेतील गणिताचे तास आटोपले की शेतावर, शेतावरून मिरचीच्या बाजारात, कोणाचे लग्न असले की पवनीला, असा त्या गाडीचा फेरा असे. ह्या सर्व प्रवासात ह्यांच्या मनात काय चालले आहे ते मला डाव्या पायावरून कळे. कारण जुन्या बुलेटीत डाव्या पायाखाली ब्रेक असतो. पाऊल सैल असले की गडी खुशीत आहे असे समजावे. पंजा पायडलीवर टेकून राहिला की पुढे काहीतरी अडचण आहे. आणि पोटरीची शीर ताठली की मी मुकाट्याने मूठ घट्ट धरीत असे.

येथे ज्यांनी जुनी बुलेट चालविली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारसायकलींत गिअर डाव्या पायाने बदलतात आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात. जुन्या बुलेटीत हे सारे उलट. गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या. त्यातही पहिला गिअर टाकण्यासाठी दांडी पंजाने वर उचलावयाची, आणि दुसरा, तिसरा, चौथा ह्यांसाठी खाली दाबावयाची. नव्या गाड्यांत बहुधा पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटीला आणखी एक लहानशी दांडी असते. ती टाचेने दाबली की गाडी दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरातून एकदम न्यूट्रलला येते. हातांचा मात्र कोठेच वाद नाही. क्लच डाव्या हातात आणि पुढचा ब्रेक उजव्या हातात, मग गाडी कोणतीही असो.

ह्या उलटेपणाला इतिहास आहे. पूर्वी मोटारसायकलीचा गिअर टाकीशेजारच्या दांडीने, हाताने बदलीत असत. १९२८ च्या सुमारास इंग्लंडातील वेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस ह्यांनी पायाने एकेक टप्पा नेमका पडेल अशी रचना सिद्ध केली, आणि पुढे तिचा सर्वत्र प्रसार झाला. इंग्रजी गाड्यांत इंजिनाकडून गिअरपेटीकडे जाणारी साखळी डाव्या अंगास असे. पेटीचे झाकण, किक आणि गिअरचा दांडा उजव्या अंगास निघत. म्हणून इंग्रजांचा गिअर उजव्या पायाखाली आला. ह्यात तत्त्व असे काही नाही. जेथे जागा मिळाली तेथे दांडा काढला, एवढेच. १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडिया निघाली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली, तेव्हा हा उजवा गिअर तिच्याबरोबर आला. मैसूरच्या कारखान्यातील जावा आपला गिअर डाव्या बाजूस घेऊन आली. तिची तर तीच दांडी आत ढकलून वर वळविली की किक होई. पुढे अमेरिकेने १९७४ च्या सप्टेंबरापासून नियम केला की मोटारसायकलीचा गिअर डावीकडे आणि मागचा ब्रेक उजवीकडेच असला पाहिजे. तेथील गिऱ्हाइकांवर ज्यांचे पोट होते त्या ट्रायम्फ, नॉर्टन इत्यादि इंग्रज कारखानदारांना नव्याने आडवे दांडे घालून आपले पाय बदलावे लागले. आमची बुलेट मात्र ह्या वादळातून जवळजवळ अस्पर्श राहिली, आणि २००९ च्या आसपास नव्या इंजिनाच्या बुलेटी निघून सर्वत्र डावा गिअर होईपर्यंत तिचे उजव्या पायाचे घराणे चालू राहिले.

यजमानांना ह्याचा अभिमान आहे. ‘लक्ष्मी घरात उजव्या पायाने येते, तुम्ही सुना माप उजव्या पायाने ओलांडता, मग गाडीने डाव्या पायाने का निघावे?’ असे ते म्हणत. गणिताच्या शिक्षकास हे तर्कशास्त्र शोभत नाही, असे मी एकदा सुनावले होते. पण त्यांनी तो सिद्धांत सोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्याच उजव्या पायाने दगा दिला. गुडघ्यातील कूर्चा झिजली, असे नागपुरास डॉक्टरांनी सांगितले. चालणे, पायडल दाबणे, गिअर उचलणे ह्यांस त्यांची हरकत नव्हती. परंतु किक मारणे कायमचे बंद. बुलेटची किक म्हणजे काय चीज आहे हे ज्याने मारली त्यालाच ठाऊक. जमली तर जमली, नाही तर उलटा झटका पायास बसतो, आणि तो झटका धडधाकट गुडघ्यालाही विसरता येत नाही.

त्याच सुमारास चिरंजीवांनी एक नवी मोटारसायकल घेतली होती. तिला बटन दाबले की ती सुरू होते. गुडघ्याचे सर्व दुःख ह्या बटनाने हरण होणार, हे उघड होते. परंतु तिचा गिअर डावीकडे! उलटपक्षी चिरंजीवांचे मन वडिलांच्या जुन्या गाडीवर होते. अशा जुन्या, उजव्या गिअरच्या बुलेटीस हल्ली तरुणांत मोठा मान आहे. तिच्या आवाजासाठी नागपूरची मुले कोठून कोठून येऊन किंमत विचारतात. पण त्यालाही तिचे पाय उलटे वाटत. तेव्हा एके दिवशी जेवताना बापलेकांनी एक करार केला. गाड्या बदलावयाच्या. आणि गाड्या बदलताना पायांच्या दांड्याही बदलून घ्यावयाच्या: जुनीचा गिअर नवीवर उजवीकडे, नवीचा जुनीवर डावीकडे. ‘दोन्ही गाड्या आपल्याच, दोन्ही दांड्या आपल्याच, घरातल्या घरात वाटणी,’ असे चिरंजीव म्हणाले.

एकत्र कुटुंबात कोणताही करार दोघांचा राहत नाही. रात्री ओसरीवर त्याची चर्चा झाली. आमचे भासरे वयाने ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलीवाचून दुसरे वाहन चालविले नाही, आणि म्हणूनच कदाचित त्यांचे मत सर्वांत स्पष्ट होते. यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही; ज्याच्या पायास जे सोयीचे ते यंत्राने करावे. चिरंजीव म्हणाले, ‘मोठे बाबा, असंच आमचंही म्हणणं आहे.’ जाऊबाईंनी आतून विचारले, ‘आणि तिसऱ्या कोणी ती गाडी चालवली तर?’ त्यांचा प्रश्न कोणी मनावर घेतला नाही. सभेत आतून आलेल्या प्रश्नाचे असेच होते. तथापि माझ्या मते त्या रात्रीचा तोच एक खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या घेऊन बापलेक उमरेडच्या मिस्त्रींकडे गेले. हे गृहस्थ यजमानांची बुलेट पंचवीस वर्षे पाहत आहेत. तिच्या पोटातला एकेक दाता त्यांना ठाऊक. त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, ‘नाही होत जी काकाजी. दांडा पेटीतून ज्या बाजूनं निघते त्याच बाजूले पायडल लागते. हे काही चपला बदलवनं नव्हे.’

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते चिरंजीवांनी घरी येऊन पाटीवर आकृती काढून दाखविले. पायडल ही केवळ खुंटी. तिच्या मागे एक दांडा असतो, तो गिअरपेटीच्या पोटात शिरलेला असतो, आणि तो कोणत्या अंगाने बाहेर यावा हे कारखान्यातच ठरलेले असते. जुन्या बुलेटीचा गिअर डावीकडे न्यावयाचा तर उजवीकडच्या दांड्यास जोड देऊन, गाडीच्या पोटाखालून किंवा मागून एक आडवा दांडा पलीकडे काढावा लागतो. हे होण्यासारखे आहे. अमेरिकेत पाठवावयाच्या उजव्या गिअरच्या बुलेटींना असाच जोड देत असत. पण जोडाच्या प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते, आणि जो गिअर पूर्वी पायाखाली खट्कन पडे तो चिखलात पाय पडल्यासारखा पडू लागतो. शिवाय गिअर डावीकडे आला म्हणजे तेथला ब्रेक उजवीकडे गेला पाहिजे, आणि ब्रेकची सळई तर डाव्या बाजूने मागच्या चाकाच्या डाव्या ढोलाकडे जाते. म्हणजे दुसरा आडवा दांडा. नव्या गाडीचे त्याहून कठीण. तिचा मागचा ब्रेक सळईवर नव्हे, तेलाच्या दाबावर चालतो. त्याची नळकांडी उजव्या पायापाशी बसविलेली, आणि चाक जखडू नये म्हणून जी विजेची योजना केलेली असते तिच्याशी ती नळीने जोडलेली. ती उचलून डावीकडे लावणे म्हणजे ब्रेकचा जीवच काढून दुसरीकडे घालणे. मिस्त्रींनी हात जोडले. त्यांचे अखेरचे म्हणणे असे होते, की गिअर फसला तर गाडी रस्त्यात उभी राहते, पण ब्रेक फसला तर ती उभी राहत नाही.

कायद्याचेही अंग होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने, कारखान्याने जी गाडी जशी केली आणि नोंदणीत जशी लिहिली गेली तीत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. शरीराने अधू असलेल्यांसाठी गाडीत योग्य तो बदल करून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण ती परवानगीने. यजमानांना ‘अधू’ हा शब्द ऐकावयाचा नव्हता, तेव्हा ती वाट तेथेच संपली.

राहिला एकच मार्ग: दांड्या बदलत नाहीत तर पाय बदलावे. भासऱ्यांचे तत्त्व असे सहज उलटे झाले. ते ओसरीवर बसून ‘जमेल, जमेल’ म्हणाले.

पाय बदलणे म्हणजे काय, ह्याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. आमच्या शेतावर बैलजोडी होती. त्यातला एक जन्मभर जुवाच्या उजव्या अंगास जुंपला गेलेला आणि दुसरा डाव्या. गडी नवखा असला आणि त्याने चुकून बाजू बदलून जुंपले, तर तेच दोन बैल, तीच बंडी, तीच वाट. पण एक बाहेर रेटी आणि दुसरा आत शिरे, आणि बंडी चाकोरीत टिकत नसे. बैलास डावे-उजवे कळते असे नव्हे. त्याच्या अंगाला जू कोणत्या बाजूस लागते ते कळते, आणि ते त्याच्या मनापेक्षा खोल गेलेले असते. माझाच दुसरा अनुभव शिवणयंत्राचा. पंचवीस वर्षे पायमशिनीवर शिवण केले. मग मोटार बसवून घेतली, तर पुढे कित्येक महिने माझे दोन्ही पाय त्या लहानशा बटनावर झोके घेत. हात शिवणीत गुंतलेला असला की हटकून असे होई, लक्ष पायाकडे असले की होत नसे. सवयीचे वर्म मला तेथे कळले. लक्ष असते तोवर पाय आज्ञाधारक असतो. परंतु आपण लक्ष तरी कितीसा वेळ देणार? सवय असते ती लक्ष नसतानाच्या वेळेसाठीच.

यजमानांनी मात्र गणिताच्या रीतीने अभ्यास आरंभिला. आमच्याकडे मिरचीचे सातरे आहेत. हंगामात तेथे लाल मिरचीचे ढीग पसरतात आणि शेकडो बाया देठ खुडीत बसतात. त्या दिवसांत बाजूच्या वाटेने जाणाऱ्यासही ठसका लागल्यावाचून राहत नाही. आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले त्याचे गावास कौतुक आहे, पण हा ठसका गावाला त्याच्या फार आधीपासून मिळालेला आहे. दिवाळीच्या सुमारास, नवी मिरची येण्यापूर्वी, हे मैदान रिकामे असते. तेथे पहाटे साडेपाचला हे नवी गाडी घेऊन जात. एकवीस दिवस गेले. निघताना तोंडाने म्हणत, ‘डावा खाली पहिला, डावा वर दुसरा, उजवा ब्रेक.’ सुरुवातीस गाडी सुरू करून ते उजव्या पंजाने ब्रेकची पायडल वर उचलीत, आणि ती उचलली जात नाही म्हणून स्वतःशी हसत. दहाव्या दिवशी हे उचलणे थांबले. पंधराव्या दिवशी तोंडाने म्हणणेही थांबले. एकविसाव्या दिवशी त्यांनी जाहीर केले की पाय तयार झाले. चिरंजीवांनी परीक्षा घेतली. चौकात वळविली, अचानक ‘थांबा’ म्हटले. प्रत्येक वेळी उजवाच पाय गेला. गुण शंभरपैकी शंभर.

त्यानंतर आठवड्याने आम्ही दोघे नव्या गाडीवर उमरेडला गेलो, मिस्त्रींना भेटलो, बाजार केला आणि संध्याकाळी परत निघालो. उमरेड ते भिवापूर हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. ह्या भागात उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल रस्त्यापासून दूर नाही. २०१२ साली अभयारण्य झाल्यापासून वाघाचे नाव घेतल्यावाचून कोणी ह्या रस्त्याविषयी बोलत नाही. परंतु मोटारसायकलवाल्यास वाघाचे भय कमी, रोह्याचे आणि रानडुकराचे जास्त. दिवेलागणीची वेळ होती. हे गप्पा मारीत होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला होता त्याची गोष्ट चालली होती. आणि झुडपांतून एक रोही रस्त्यावर आला.

मला रोही दिसला तो नंतर. आधी दिसला तो डावा पाय. चाळीस वर्षे जसा पाहिला होता तसाच: पंजा टेकला, पोटरीची शीर ताठली, आणि पाय दाबला गेला. पायाखाली ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडीने हंबरडा फोडला, कारण वेग तोच असताना गिअर एकाने उतरला. पाय पुन्हा दाबला गेला. गिअर आणखी उतरला, मागचे चाक फरफटले आणि माझी बाजू रस्त्याकडे झुकली. मग उजव्या हाताने पुढचा ब्रेक धरला. तो हात कधीच फिरलेला नव्हता, त्याला काही नवे शिकावयाचे नव्हते. गाडी थांबली तेव्हा रोही पलीकडच्या शेतात गेला होता, आणि आमच्या पिशवीतील वांगी डांबरावर पडली होती.

आम्हांला खरचटलेदेखील नाही. पण हे गाडीवरून उतरले आणि रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले. ‘किती वेळा दाबला?’ त्यांनी विचारले. मी म्हणाले, ‘दोनदा.’ ‘मला एकदाही आठवत नाही,’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडून भीतीचा शब्द मी क्वचितच ऐकला आहे. हे वाक्य मला भीतीहून वाईट वाटले. एकवीस दिवस शिकविलेला विद्यार्थी ऐन परीक्षेत आपणास न विचारता जुनीच रीत लिहून मोकळा झाला, आणि मास्तरांस पत्ताही नाही.

घरी आल्यावर त्यांनी सर्वांसमक्ष जसे घडले तसे सांगितले. चिरंजीव ऐकत होते, आणि मग त्यांनीच एक विचार मांडला जो मला फार महत्त्वाचा वाटतो. बाबांचा पाय चुकला तेव्हा गिअर खाली उतरला. गाडी झटका खाऊन का होईना मंदावली. पण मी जुन्या बुलेटवर चुकलो तर? माझा उजवा पाय ब्रेक म्हणून खाली दाबील. तेथे खाली दाबले की गिअर वर चढतो. म्हणजे इंजिनाची जी थोडी अडवणूक असते तीही सुटेल, आणि गाडी मोकळी धावेल. एकाच चुकीची दोन गाड्यांत दोन फळे, आणि तरुणाच्या वाट्याचे फळ अधिक कडू. तो तोवर जुन्या गाडीवर गावातल्या गावात हिंडत होता आणि जमते असे सांगत होता. त्या रात्री त्याने आपणहून किल्ली खुंटीवर ठेवली. करार मोडला तो असा. जाऊबाईंना त्यांच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, हे मी त्यांना अद्याप विचारलेले नाही.

तरुणाचा पाय लवकर शिकतो आणि म्हाताऱ्याचा उशिरा, असे लोक म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. ज्याच्याजवळ विसरावयास काहीच नाही तो लवकर शिकतो. चाळीस वर्षांत त्या डाव्या पायाने किती बैलबंड्या, किती पोरेबाळे, किती कुत्री आणि म्हशी वाचविल्या असतील! ज्या सवयीने इतकी वर्षे आम्हांला सुखरूप घरी आणले, तिला एकवीस दिवसांत घराबाहेर काढावयास निघालो, आणि ती गेली नाही म्हणून तिलाच दोष देत बसलो, हे मला न्यायाचे वाटत नाही.

प्रश्न गुडघ्याचा होता, आणि तो तसाच उरला होता. यजमानांनी गाडी चालविणे सोडावे, असे उघड कोणी म्हणेना; पण ओसरीवर शांतता फार होऊ लागली होती, आणि तिचा अर्थ त्यांना कळत होता. आठ-दहा दिवस बुलेट झाकून ठेवलेली होती. उत्तर सापडले ते अनपेक्षित ठिकाणी. आमच्या सूनबाई मूळच्या वर्ध्याच्या, अंगाने बारीक. वजन पन्नास किलोंच्या आतच. एका सकाळी त्यांनी सासऱ्यांना म्हटले, ‘बाबा, किक फक्त मारायचीच ना? मग मी मारते. तुम्ही कशी ते सांगा.’

मग ओसरीखालच्या अंगणात तो पाठ झाला. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबावयाची; मग डिकंप्रेसरची लहान दांडी ओढून दट्ट्या माथ्यावरून किंचित पुढे सरकवावयाचा; दांडी सोडून किक पुन्हा वर येऊ द्यावयाची; आणि मग घाई न करता सारा भार एकदम टाकून ती शेवटापर्यंत न्यावयाची. ह्यात बळाचे काम थोडे, वेळ साधण्याचे पुष्कळ. चिरंजीव बळावर मारतात आणि तीनदा चुकतात. सूनबाईंची चौथ्या दिवसापासून पहिल्या किकेला गाडी सुरू होऊ लागली. आता सकाळी पोलक्याच्या बाह्या सावरून त्या अंगणात येतात, एक किक मारतात आणि चहाचे आधण ठेवावयास आत जातात. हे गाडीवर बसतात, उजव्या पंजाने पहिला गिअर वर उचलतात आणि निघतात. बाहेर कोठे गाडी बंद करावी लागली तर पुन्हा सुरू करावयास माणूस लागतो, म्हणून त्यांचे थांबे ठरलेले आहेत: शाळेचा शिपाई, सातऱ्यावरचा मुनीम आणि बसस्थानकासमोरचा पानवाला. तिघांनाही त्यांनी अ‍ॅमीटरचा काटा समजावून दिला आहे. पानवाल्यास तर पाठ न झाल्याबद्दल दोनदा बोलणी खावी लागली.

लांबचा प्रवास मात्र नव्या गाडीवर, चिरंजीवांच्या मागे बसून. पहिल्यांदा ते असे निघाले तेव्हा मी दारात उभी होते. हे पुरुष, तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसले, आणि वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांच्या डाव्या पायाने मागचे पायठाण जोराने दाबलेले मला दारातून दिसले.

मिस्त्रींनी त्या दोन गाड्यांत एक अदलाबदल मात्र करून दिली. नव्या गाडीच्या मागल्या मुठीस गुंडाळलेली मऊ रबराची पट्टी काढून त्यांनी जुनीच्या मुठीस गुंडाळली, कारण मी आता पूर्वीपेक्षा अधिक घट्ट धरते. बुलेटच्या नोंदणीची मुदत येत्या चैत्रात संपते. पंधरा वर्षे पुरी झालेल्या गाडीस दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी तपासणीला गाडी घेऊन जावे लागते. यजमानांनी कागद आताच काढून ठेवले आहेत, आणि त्या दिवशी सूनबाईंनी कॉलेजातून रजा घ्यावी, असे त्यांना सांगून ठेवले आहे.